गडी पडला तेव्हा कोण उभं राहिलं?

 

गेल्या काही भागांत आपण गटाचं दप्तर, अंतर्गत कर्ज आणि व्याजाचा हिशेब यांवर बोललो. आज एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट खरी आहे. ती अमेरिकेतली आहे, जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीची, आणि एका बास्केटबॉल खेळाडूची. तुम्ही म्हणाल, बास्केटबॉलचा आणि बचत गटाचा काय संबंध? आधी गोष्ट ऐका. संबंध काय तो तुम्हीच आम्हाला सांगाल.

बास्केटबॉल हा खेळ काहींनी तालुक्याच्या शाळेत पाहिला असेल. दोन्ही टोकांना दहा फूट उंचीवर एक लोखंडी कडी, तिला जाळी. एका बाजूला पाच गडी, दुसऱ्या बाजूला पाच. चेंडू आपटत न्यायचा, एकमेकांना द्यायचा आणि कडीत टाकायचा. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकानं हा खेळ काढला. तेव्हा कडी नव्हती, फळं ठेवायच्या टोपल्याच उंचावर ठोकल्या होत्या. टोपलीला इंग्रजीत बास्केट म्हणतात, म्हणून खेळाचं नाव बास्केटबॉल.

आपला खेळाडू आहे मॉरिस स्टोक्स. जन्म १७ जून १९३३, पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या रँकिन गावी. तो सगळा भाग पोलादाच्या कारखान्यांचा. वडील पोलाद कारखान्यात कामाला, आई दुसऱ्यांच्या घरी घरकाम करणारी. घर कृष्णवर्णीयांचं. त्या काळी अमेरिकेच्या बऱ्याच भागात काळ्या माणसांना गोऱ्यांबरोबर एका हॉटेलात जेवता येत नव्हतं, एका बाकावर बसता येत नव्हतं. जातीमुळे वेगळं बसवणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

मॉरिस उंच होता, सहा फूट सात इंच. शाळा संपल्यावर तो लोरेट्टो या लहानशा गावातल्या सेंट फ्रान्सिस कॉलेजात गेला. डोंगराळ भागातलं, धर्मगुरूंनी चालवलेलं छोटं कॉलेज. १९५५ साली या कॉलेजचा संघ न्यूयॉर्कमधल्या मोठ्या स्पर्धेत उतरला आणि चौथा आला. तरी त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती चौथ्या आलेल्या संघातल्या मॉरिसची. यावरून त्याचा खेळ कसा असेल याचा अंदाज करा.

त्याच वर्षी तो पैसे घेऊन खेळणारा, म्हणजे व्यावसायिक खेळाडू झाला. रॉचेस्टर रॉयल्स असं संघाचं नाव. १९५७ मध्ये हा संघ सिनसिनाटी शहरात गेला आणि सिनसिनाटी रॉयल्स झाला. आज त्या अमेरिकन लीगचे खेळाडू कोट्यवधी रुपये कमावतात. तेव्हा तसं नव्हतं. लीग सुरू होऊन दहाच वर्षं होत होती. कृष्णवर्णीय खेळाडूंना तर १९५० पासूनच घ्यायला लागले होते. खेळाडू हंगामात खेळायचे आणि उन्हाळ्यात दुसरी नोकरी बघायचे.

मॉरिसचं खास कसब होतं रिबाउंडचं. कडीत न पडता परत उसळलेला चेंडू झेपावून ताब्यात घेणं म्हणजे रिबाउंड. टाकणारा दुसरा, चुकणारा दुसरा, आणि चुकलेला चेंडू सांभाळणारा हा. पहिल्याच वर्षी त्याला वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून गौरवलं. दुसऱ्या वर्षी त्यानं ७२ सामन्यांत १,२५६ रिबाउंड घेतले. तोवर लीगमध्ये कुणी एका हंगामात एवढे घेतले नव्हते. इतका धिप्पाड गडी, पण चेंडू वाटण्यातही तरबेज. स्वतः गुण करणं, चुकलेला चेंडू मिळवणं आणि दुसऱ्याला गुण करायला चेंडू देणं, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला येणं दुर्मीळ. तीन वर्षं खेळला आणि तिन्ही वर्षं लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली.

आता त्याच संघातल्या दुसऱ्या गड्याची ओळख करून घ्या. त्याचं नाव जॅक ट्वायमन. गोरा, मॉरिसहून एका वर्षानं लहान, तोही पिट्सबर्गचाच. कॉलेज सिनसिनाटीत झालेलं, घर-संसार सिनसिनाटीत. लांबून नेम धरून चेंडू टाकण्यात पटाईत. खेळाचा हंगाम संपला की तो विमा कंपनीत काम करायचा. हे विम्याचं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. दोघं एका संघात होते, पण जिवाभावाचे मित्र होते असं काही नव्हतं. एकत्र खेळायचे, एवढंच.

१२ मार्च १९५८. हंगामातला शेवटचा साखळी सामना, मिनिआपोलिसच्या संघाशी. कडीकडे झेपावताना मॉरिसचा तोल गेला. तो पडला आणि डोकं जमिनीवर जोरात आपटलं. तो बेशुद्ध झाला. तीव्र वासाचं औषध हुंगवून त्याला शुद्धीवर आणलं. आणि मग काय केलं? त्याला परत खेळायला पाठवलं.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू या. डोक्याला मार लागला, माणूस बेशुद्ध झाला, शुद्धीवर आल्यावर म्हणाला, मी बरा आहे. त्याच्यासकट सगळ्यांना वाटलं, बराच आहे. आपल्याकडे झाडावरून, माळ्यावरून, मोटरसायकलवरून पडलेल्या माणसाचं असंच होतं. उठून उभा राहिला की आपण म्हणतो, चला, निभावलं. पण डोक्याचा मार कधी कधी आतून काम करत राहतो. वर जखम दिसत नाही आणि दोन-तीन दिवसांनी त्रास सुरू होतो. म्हणून पडल्यावर कुणी बेशुद्ध झालं, नंतर उलट्या झाल्या, डोकं फार दुखलं, गुंगी आली, तर वाट बघायची नाही. दवाखान्यात न्यायचं.

मॉरिसच्या बाबतीत तीन दिवस गेले. १५ मार्चला डेट्रॉइट शहरात सामना होता. तो खेळला. १२ गुण केले, १५ रिबाउंड घेतले. पण नेहमीसारखा वाटत नव्हता. सामन्यानंतर संघ विमानानं सिनसिनाटीला निघाला आणि विमानातच त्याची तब्येत बिघडली. झटके आले, शुद्ध हरपली. उतरल्यावर रुग्णालयात हलवलं. मेंदूतला हातापायांच्या हालचाली सांभाळणारा भाग दुखावला होता. काही काळानं शुद्ध आली, पण शरीर हलत नव्हतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. बुद्धी मात्र शाबूत होती. सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं. वय २४ वर्षं.

आता खरा प्रश्न. बिल कोण भरणार?

हंगाम संपला होता. संघातले बाकीचे गडी आपापल्या गावी गेले. लीगमध्ये तेव्हा खेळाडूंसाठी आजच्यासारखा विमा नव्हता, पेन्शन नव्हती. मॉरिसचे आईवडील पिट्सबर्गला, कष्टकरी माणसं. रुग्णालयाचा खर्च रोजच्या रोज वाढत होता. आणि मॉरिसनं जी काही शिल्लक टाकली होती ती बँकेत अडकलेली, कारण सही करायला त्याचा हात चालत नव्हता. स्वतःचे पैसे आहेत, पण स्वतःच्या औषधाला काढता येत नाहीत, अशी स्थिती.

जॅक ट्वायमन सिनसिनाटीतच राहायचा. वय २३. घरी बायको, लेकरं. पुढं मुलाखतीत तो साधंच सांगायचा, की कुणीतरी करायला हवं होतं आणि त्या वेळी तिथं मी होतो. त्यानं न्यायालयात जाऊन मॉरिसचा कायदेशीर पालक होण्याची परवानगी मिळवली. एका गोऱ्या तरुणानं, जवळजवळ बरोबरीच्याच वयाच्या कृष्णवर्णीय तरुणाचा पालक व्हायचं, तेही १९५८ मध्ये. पालक झाल्यामुळे त्याला मॉरिसच्या वतीनं सही करता येऊ लागली, पैशाचे व्यवहार बघता येऊ लागले.

पुढं त्यानं काय केलं ते नीट ऐका. आधी वर्गणी नाही मागितली. आधी हक्क काय आहे ते पाहिलं. विम्याच्या कामामुळे त्याला कागद वाचायची सवय होती. ओहायो राज्यात कामगार भरपाईचा कायदा होता. काम करताना इजा झाली तर कामगाराला उपचाराचा खर्च आणि भरपाई मिळायची. जॅकचं म्हणणं असं की मॉरिस हौसेनं खेळत नव्हता, ती त्याची नोकरी होती. कारखान्यात यंत्रात हात सापडला तर ती कामावरची इजा, मग खेळणं हेच ज्याचं काम त्याचं मैदानावर डोकं आपटलं तर ती कामावरची इजा का नाही? हे म्हणणं मान्य झालं. मॉरिसला कामगार म्हणून भरपाई मिळाली आणि खर्चाचा मोठा भार हलका झाला.

आपल्या देशातही कामावर झालेल्या इजेच्या भरपाईचा कायदा १९२३ सालीच झाला. पण कायदा असणं वेगळं आणि कुणीतरी बसून अर्ज लिहिणं वेगळं. मॉरिसच्या बाबतीत ते लिहिणारं कुणीतरी होतं.

तरीही पैसे पुरत नव्हते. मग जॅकनं दुसरा मार्ग काढला. न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या कुट्शर या हॉटेलात १९५८ च्या उन्हाळ्यात मदतीसाठी सामना ठेवला. नामवंत खेळाडू मानधन न घेता आले. पुढं दरवर्षी उन्हाळ्यात हा सामना होऊ लागला आणि मॉरिस गेल्यावरही कितीतरी वर्षं चालू राहिला. विल्ट चेंबरलेन हा त्या काळचा सगळ्यात गाजलेला खेळाडू, तोही या सामन्यात खेळायचा. एकदाच मोठी रक्कम गोळा केली आणि विसरलो, असं झालं नाही. आपण महिन्याची बचत जशी तारखेला भरतो, तसं त्यांनी ते वर्षाच्या वर्षाला केलं.

पैशाइतकंच महत्त्वाचं आणखी एक काम होतं. मॉरिसला बोलता येत नव्हतं. जॅक एकेक अक्षर म्हणत जायचा आणि हवं ते अक्षर आलं की मॉरिस पापणी मिटायचा. असं अक्षराला अक्षर जोडून एक शब्द. शब्दाला शब्द जोडून एक वाक्य. विचार करा, एक वाक्य ऐकायला किती वेळ लागत असेल! आपल्यातल्या ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांचं केलंय, त्यांना हा धीर काय असतो ते ठाऊक आहे.

मॉरिसही हरला नाही. रोज व्यायाम करायचा. वर्षानुवर्षं मेहनत करून थोडं बोलायला लागला, आधारानं हालचाल करू लागला. टंकलेखन यंत्रावर एकेक कळ दाबायला शिकला आणि त्यावर जॅकला आभाराचं पत्र लिहिलं. चित्रं काढायला लागला. जॅकच्या घरी जेवायला यायचा, त्याच्या मुलांच्यात बसायचा.

इथं जॅकच्या बायकोचं, कॅरोल ट्वायमन यांचं नाव घेतलं पाहिजे. बक्षिसं आणि बातम्या जॅकच्या नावानं झाल्या. पण नवरा रुग्णालयात, न्यायालयात, वर्गणीच्या मागं फिरत असताना घर कोण चालवत होतं? आपली लहान लेकरं सांभाळून आणखी एका माणसाला घरचं कोण मानत होतं? ही बाजू बातमीत फारशी येत नाही. ती आपण ऐकल्याबरोबर ओळखतो.

दरम्यान जॅक खेळतच होता. मॉरिस गेल्यावर त्यांचा संघ पार कोलमडला. पुढच्या हंगामात ७२ पैकी फक्त १९ सामने जिंकले. पण १९५९-६० च्या हंगामात जॅकनं सामन्यामागं सरासरी ३१.२ गुण केले. त्या लीगमध्ये सरासरी तीसच्या वर नेणारे पहिले दोघेच, विल्ट चेंबरलेन आणि जॅक ट्वायमन, आणि दोघंही त्याच हंगामात. खांद्यावर एवढी जबाबदारी असताना त्याचा खेळ उंचावला. १९६६ पर्यंत तो खेळला.

मॉरिस बारा वर्षं तसा जगला. ६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकारानं गेला. वय ३६. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला लोरेट्टोच्या त्याच लहान कॉलेजच्या आवारात पुरलं. १९७३ साली या दोघांवर ‘मॉरी’ नावाचा चित्रपट आला. अमेरिकेत बास्केटबॉलच्या थोर खेळाडूंचं एक सन्मानदालन आहे. त्यात जॅकचं नाव १९८० च्या दशकात लागलं. मॉरिस तीनच वर्षं खेळलेला, त्याचं नाव लागायला २००४ साल उजाडलं. तो मान त्याच्या वतीनं जॅकनंच स्वीकारला. जॅक २०१२ मध्ये वारला. पुढच्या वर्षापासून ती लीग दरवर्षी एक पुरस्कार देते. सगळ्यात जास्त गुण करणाऱ्याला नाही, तर सगळ्यात चांगल्या सोबत्याला. पुरस्काराला नाव दोघांचं आहे, ट्वायमन आणि स्टोक्स.

आणखी एक प्रसंग सांगतो. १४ जानेवारी १९६४, बॉस्टन शहर. निवडक खेळाडूंचा मोठा सामना, टीव्हीवर दाखवला जाणार. आणि खेळाडू खोलीतून बाहेरच येईनात. त्यांचं म्हणणं, आम्हाला पेन्शनचा शब्द द्या, मग खेळतो. गोरे-काळे सगळे एका बाजूला. सामना सुरू व्हायच्या थोडं आधी शब्द मिळाला, मग ते मैदानात उतरले. एकेकटा मालकाकडे गेला असता तर कुणी विचारलं असतं का? हे बळ आपल्याला नवीन नाही. एकट्या बाईला बँकेच्या पायरीवर कुणी विचारत नव्हतं आणि दहा-बाराजणी ठराव घेऊन गेल्यावर खुर्ची मिळाली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ही गोष्ट आम्ही काही गटांच्या बैठकीत सांगितली तेव्हा बायकांचं पहिलं बोलणं होतं, ‘सख्खा भाऊ तरी एवढं करतो का?’ खरं आहे. जॅकसारखा माणूस मिळणं हे नशीब. पण नशिबावर गट चालत नाही. म्हणून आम्ही या गोष्टीकडे असं बघतो: जॅक नसता तर मॉरिसचं काय झालं असतं? आणि आपल्या गटातली एखादी ताई उद्या ऊसतोडीला गेलेली असताना, विहिरीवर, शेतात, रस्त्यावर पडली, तर तिच्यासाठी आधीच काय करून ठेवलंय?

तीन कामं सुचवतो.

पहिलं काम विम्याचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. वय १८ ते ७०, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं पाहिजे. अपघातात मृत्यू झाला, किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर २ लाख रुपये. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं, म्हणून मे महिन्यात खात्यात शिल्लक ठेवा. दुसरी जीवन ज्योती विमा योजना, वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५० मध्ये नाव घालता येतं. कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. पुष्कळजणींचे पैसे खात्यातून कापले जातात, पण घरात कुणाला माहीत नसतं. मग अर्ज कोण करणार? पासबुक उघडून पैसे कापलेत का बघा आणि घरात सांगून ठेवा.

दुसरं काम कागदांचं. मॉरिसचे पैसे बँकेत होते आणि सही अडली होती, आठवतंय ना? प्रत्येकीच्या खात्याला वारसाचं नाव लावलंय का? ते नाव बरोबर आहे का? मात्र वारसाचं नाव मृत्यूनंतर कामी येतं. माणूस जिवंत आहे पण सही करता येत नाही, तेव्हा काय करायचं हे आपल्या शाखेत जाऊन विचारून ठेवा.

तिसरं काम गटाचं. आजारी किंवा जायबंदी सदस्याचा हप्ता थकला तर गट काय करेल, हे ती आजारी पडायच्या आधी ठरवा. तेव्हा ठरवलं की चिडचिड होते, बोलाचाली होते. आधी ठराव लिहिलेला असला की कुणाला उपकार वाटत नाही आणि कुणाला ओझं वाटत नाही. आणि तिच्या घरी कोण जाणार, दवाखान्यात कोण, फॉर्म कोण भरणार, तीही नावं लिहून ठेवा. पैसे दिले म्हणजे झालं असं नसतं. अक्षरं म्हणत समोर बसणारं माणूसही लागतं.

येत्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. काय ठरलं ते आम्हाला फोनवर किंवा पत्रानं कळवा. चांगले ठराव आपण याच कार्यक्रमात वाचून दाखवू, म्हणजे दुसऱ्या गावच्या गटांनाही उपयोग होईल. आज इथंच थांबतो. सांभाळून राहा, आणि कुणी पडलं तर ‘बरी आहे’ म्हणाली म्हणून तिला एकटीला सोडू नका. नमस्कार.